एका फुटात तेरा ताटं

माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आतून कडी लागणारं दार. लहानपणी दोन खोल्यांत अकरा माणसं, मग सैन्यात वीस वर्षं बराक, आणि आता आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर खाट. "माया, मानसानं एकदा तरी दार लावून बसावं गं," असं ते मला म्हणाले, तेही मी तीनदा खोदून विचारल्यावर.

म्हणून घराच्या मागं दहा बाय बाराची खोली वाढवायचं ठरलं. इमाम मिस्त्रींनी हिशेब सांगितला, चौरस फुटाला दोन हजार, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. तेवढेच पैसे आमच्याकडं होते. मिस्त्रींनी परड्यात चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला आणि दारापुरती जागा मोकळी सोडली. त्याच संध्याकाळी आण्णा खुर्ची घेऊन आत जाऊन बसले. रेघ ओलांडून नाही, दारातून गेले.

माझा नवरा कृष्णात शिरवळला कंपनीत आहे. तो शनिवारी घरी येतो आणि येताना काहीतरी डोक्यात घेऊन येतो. त्या शनिवारी वास्तुशांत घेऊन आला.

"आटपाडीपासनं जतपातूर लोकांच्यात जेवून आलोय आपन," तो म्हणाला. "आता आपल्या दारात खोली हुतीया, तर त्यास्नी बोलवाय नको व्हय? पाचशे मानूस धर."

"आवं, पैसं कुठनं आनायचं?"

त्यानं मोबाईलवर आकडे मारले. ताटाला दीडशे रुपये, फुटाला दोन हजार. "एका फुटात तेरा ताटं बसत्यात," तो खूश होऊन म्हणाला. "सदतीस-अडतीस फूट कमी केलं की झालं."

रविवारी मिस्त्री आले, फक्की पायानं पुसली आणि नवी रेघ ओढली. आण्णांनी खुर्ची आत घेतली आणि एवढंच विचारलं, "दाराला आतनं कडी हाय न्हवं?"

"हाय की, आण्णा," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या शनिवारी कृष्णातला आकाराम तात्यांची भावकी आठवली. सव्वीस माणसं, दोन फूट गेले. मग कंपनीतली माणसं आठवली, मग आण्णांच्या पलटणीतले जोडीदार, त्यातले निम्मे तर आता हयातही नव्हते. मी चिडून माझ्या माहेरची साठ नावं खोडली. माझ्या सख्ख्या मामाचंही नाव खोडलं. वाटलं, चार-साडेचार फूट तरी आण्णांना परत मिळतील. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या जागी नणंदेच्या सासरची पासष्ट माणसं.

पावसाळा सरेपर्यंत यादी हजारावर गेली. मग पाव्हण्यांना टॉवेल-टोपी, बायकांना साड्या, त्यात वीस फूट गेले. मांडव आणि स्पीकर यांनी तेरा खाल्ले. शेवटी परड्यात तीन बाय चारचा चौकोन उरला. आण्णांची खाट सहा फुटांची होती.

"आवं, ही खोली हाय का कोंबड्यांचं खुराडं?" मी नवऱ्याला म्हणाले. "आण्णा झोपनार कुठं?"

"हाथरून बघून पाय पसरावं," तो म्हणाला. मी हातातली उलथनी खाली ठेवली, नाहीतर त्या दिवशी वेगळीच शांत करावी लागली असती.

मिस्त्रीही बिचारे वैतागले. "भाऊ, दारच अडीच फुटाचं हाय," ते म्हणाले. "आता हे बी कमी करू का?"

"दार ऱ्हाऊ द्या," आण्णा पहिल्यांदाच मधे बोलले. "कडी लावा जाड."

वास्तुशांतीला हजार म्हणता बाराशे लोक आले. खोली बघायला रांग लागली. एकानं आत जायचं, भिंतींना हात लावून उलटं बाहेर यायचं, मग दुसऱ्यानं. "हवेशीर हाय," म्हणत लोक जेवायला जात होते. कृष्णात कडक इस्त्रीच्या कपड्यांत दाराशी उभा होता, आणि मला त्याची लाजही वाटत होती आणि कीवही येत होती.

तेवढ्यात आण्णा आपली खुर्ची उचलून आले. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. ते आत गेले, दार लागलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

थोडा वेळ गेला. फोटोवाला खोळंबला होता. कृष्णातनं दारावर थाप मारली.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी. कृष्णात."

"काय काम हाय?"

स्पीकर कुणीतरी बंद केला. कृष्णात इकडंतिकडं बघायला लागला. "फोटू काढायचाय, आण्णा. पावनं थांबल्यात. आत येऊ का?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांत आण्णांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"न्हाई," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाराशे माणसं दाराकडं बघत उभी होती, नवरा खाली मान घालून. आत गुडघे भिंतीला टेकत असणार हे मला ठाऊक होतं, तरी खुर्ची मागं सरकवल्याचा आवाज आला, माणूस ऐसपैस बसतो तेव्हा येतो तसा.