घोड्याचा मागचा भाग

एकोणीस वर्षं लेस्टर नोव्होत्नी घोड्याचा मागचा भाग होता आणि त्याची बायको व्हर्ना पुढचा. दर हॅलोविनला दोघं मिळून एक तपकिरी घोड्याचा पोशाख भाड्याने आणायचे आणि शिकागोतल्या आपल्या वस्तीच्या दुपारच्या मिरवणुकीत त्यात शिरून निघायचे. व्हर्ना डोक्यात, लेस्टर मागे वाकून तिच्या कमरेला धरून. यात कुणाचीच काही तक्रार नव्हती. मग कुणीतरी मिरवणुकीचा फोटो बस डेपोच्या फळ्यावर लावला आणि घोड्याच्या शेपटीकडे बाण काढून लेस्टरचं नाव लिहिलं.

घोड्याचा मागचा भाग ही आमच्याकडे, शिकागोत, एरवीही मूर्ख माणसाला द्यायची शिवीच आहे. तीस वर्षं ॲशलँड अव्हेन्यूवर बस चालवलेला माणूस, पण त्या दिवसापासून त्याला डेपोत सगळे 'मागचे' म्हणू लागले. मागचे आले का, मागच्यांना कॉफी द्या रे, असं अगदी अदबीने चालायचं. लेस्टरने जुलैपर्यंत सोसलं. मग एका रविवारी जेवताना तो म्हणाला, "या वर्षी डोक्यात मी."

"तुला रस्ता कळायचा नाही," व्हर्ना म्हणाली.

"मला? अगं, मी बस चालवतो."

"एकाच सरळ रस्त्यावर. वळायला तरी कधी लागतं तुला?"

"घोड्याचं डोकं घातलं म्हणजे माणसाला डोकं येतं असं नाही, व्हर्ना."

हे बोलायला नको होतं, आणि बोलता बोलताच त्याला ते कळलं होतं. व्हर्नाने उरलेलं बटाट्याचं सॅलड झाकून फ्रिजमध्ये ठेवलं, बॅग भरली आणि दोन दिवसांसाठी म्हणून सिसेरोला बहिणीकडे, अर्लीनकडे, निघून गेली. ते दोन दिवस ऑक्टोबर संपत आला तरी संपले नव्हते. फोन लेस्टरनेही केला नाही. काय बोलायचं तेच त्याला सुचत नव्हतं, आणि घरात तिच्या चपलांची रिकामी जागा दिसू नये म्हणून तो मागच्या दाराने ये-जा करायचा.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मात्र त्याला राहवेना. आपण घोडा घेऊन गेलो तर ती कदाचित येईल, एवढाच त्याचा बेत. पण दर वर्षी घोडा देणाऱ्या जुन्या दुकानातल्या विल्चेकबाईंना तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून आधी तो बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात गेला. ऑक्टोबर लागला की शहरात अशा रिकाम्या गाळ्यांतून पिशवीबंद पोशाखांची दुकानं उगवतात आणि नोव्हेंबरात नाहीशी होतात. तिथे तोंडाला सांगाड्याचा रंग फासलेली एक मुलगी होती. घोडा म्हणताच तिने एक चपटी पिशवी पुढे केली.

"हवेचा आहे, काका. पोटात पंखा असतो. बटण दाबलं की पुढचं मागचं दोन्ही आपोआप फुगतं."

"आणि मागे कोण शिरतं?"

"कुणीच नाही. एकट्याचा आहे. तुम्हाला कुणी लागतच नाही." तिने ते इतक्या आनंदाने सांगितलं की लेस्टरला डोळे पुसायला बाहेर यावं लागलं.

शेवटी तो विल्चेकबाईंकडेच गेला. ब्रोनिया विल्चेक सत्तरीच्या. चाळीस वर्षं स्वतः शिवलेले पोशाख भाड्याने देतात आणि नियमाला पक्क्या. पूर्वी एक जोडपं उंट परत करायला येऊन दुकानातच भांडलं होतं. तेव्हापासून दोघांच्या प्राण्याच्या दोन वेगळ्या चिठ्ठ्या होतात, आणि ज्याने जो भाग अंगात घातला त्यानेच तो सही करून पुढच्या वर्षासाठी राखायचा.

"पुढचा भाग गेला," बाई म्हणाल्या. "व्हर्ना सकाळीच घेऊन गेली."

"मग मागे कोण?"

"अर्लीन. पण घोड्याचं मागचं नेलं नाही. गाईचं मागचं नेलं."

लेस्टर स्टुलावर बसला. "घोड्याचं डोकं आणि गाईचं ढुंगण?"

"मी म्हटलं तिला, माझ्या दुकानाची अब्रू जाईल. पण तुझ्या भागावर तुझी सही, तो तिला देता येत नव्हता. मी म्हटलं, त्याला फोन करून विचारू का? तर म्हणाली, नको. तो त्याचा आहे, राहू दे."

"असं म्हणाली?"

"दोनदा म्हणाली."

लेस्टरने उलट्या टांगलेल्या मागच्या दोन पायांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "गाईचं डोकं शिल्लक असेल."

"आहे. आणि तुझ्या मागे कोण वाकणार?" बाईंनी चष्मा काढला. "तुझ्या घोड्याची शेपटीजवळची शिवण उसवायला आली आहे. परक्या माणसाला मी त्यात शिरू द्यायची नाही. मीच येते. चाळीस वर्षांत माझ्या एकाही प्राण्यात मी कधी शिरले नाही."

रविवारी दुपारी दोन वाजता चर्चच्या पटांगणातून मिरवणूक निघाली. चेटकिणी, भुतं, अंतराळवीर, एक केचपची बाटली, आणि त्यांच्यात गाईचं डोकं घातलेला लेस्टर, मागे घोड्याच्या पायांत ब्रोनिया विल्चेक. डोकं अडकवलं आणि लेस्टर डोळ्यांची भोकं शोधू लागला. गाईचे डोळे रंगवलेले होते. बघायला फक्त तोंडाजवळ एक फट, आणि तिच्यातून स्वतःच्या बुटांची टोकं दिसत होती.

"बाई, मला काही दिसत नाही."

"माझ्या कुठल्याच प्राण्यात दिसत नाही," मागून आवाज आला. "भोकं ठेवली की चेहरा बिघडतो."

"घोड्यालाही नाहीत?"

"नाहीत."

"मग व्हर्ना कशी चालायची?"

"मोजून. आदल्या दिवशी वाटेत माझ्याकडे डोकावायची तेव्हा हातात कागद असायचा. पोस्टापर्यंत दोनशे चाळीस पावलं, डावीकडे. औषधांच्या दुकानापर्यंत एकशे दहा, मग खड्डा चुकव. अख्खा रस्ता चालून मोजून यायची, गेल्या वर्षी तर पावसात. तुला माहीत नव्हतं?"

लेस्टरला माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढंच माहीत होतं की दर वर्षी मिरवणुकीच्या आदल्या दिवशी व्हर्ना अंडी आणायला म्हणून जायची आणि तासाभराने अंडी न घेताच परत यायची. एकोणीस वर्षं तो तिला या विसराळूपणावरून हसला होता. एकदा तर ओली होऊन दारात उभी असताना हसला होता. गाईच्या डोक्यात त्याला आता रडू यायला लागलं, आणि तिथे हात पोचत नसल्यामुळे ते पुसताही येईना.

"थांबू नको रे," बाई म्हणाल्या. "मागचे लोक माझ्यावर आदळतात."

तो चालला. पहिल्या वळणाला सगळे डावीकडे गेले आणि ॲशलँड अव्हेन्यूचा ड्रायव्हर सवयीने सरळ गेला. कॅरमेलमध्ये बुडवलेल्या सफरचंदांच्या टेबलावर धडकला, माफी मागायला वळला, तो एका दिव्याच्या खांबाची माफी मागून उलट दिशेने मिरवणुकीत घुसला. केचपच्या बाटलीने त्याला ढकललं. भुतांनी बाजू दिली. लोक टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना वाटलं हे ठरवून चाललं आहे. आणि मग त्याचं कपाळ एका मोठ्या, कापसाने भरलेल्या कपाळावर आपटलं.

"तीनशे अठ्ठावन्न," पलीकडून आवाज आला. "मध्ये कोण आहे? बाजूला व्हा, मी मोजते आहे."

"व्हर्ना," लेस्टर म्हणाला. "मी."

"मी म्हणजे कोण?"

डेपोतली सगळी हसणारी तोंडं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. मग तो म्हणाला, "मागचा."

घोड्याचं डोकं गाईच्या कपाळावर टेकून राहिलं. गाईच्या मागच्या पायांतून अर्लीन तेवढी कुरकुरली, की बाई ग, पाठ मोडली माझी, काय ते एकदा ठरवा.

तेवढ्यात मंचावरून भोंगा गरजला. परीक्षकांनी एवढं वेगळं काही आजवर पाहिलं नव्हतं. घोड्याची गाय आणि गाईचा घोडा अशा दोन्ही प्राण्यांना मिळून पहिलं बक्षीस, त्यांनी आहे तसंच मंचावर यावं. टाळ्यांचा कडकडाट झाला. नोव्होत्नींच्या साध्या घोड्याला एकोणीस वर्षांत कधी कुणी उत्तेजनार्थही विचारलं नव्हतं.

लेस्टरने गाईचं डोकं उतरवलं. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, लाल डोळ्यांनी तो वाकला आणि विल्चेकबाईंना हात देऊन घोड्याच्या पायांतून बाहेर काढलं. गाईचं डोकं उचलून बाईंनी स्वतःच घातलं आणि व्हर्नाच्या मागून सुटलेल्या अर्लीनच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. लेस्टरने आपले जुने पाय चढवले, व्हर्नाच्या मागे वाकला आणि बटणं लावली.

आता रस्त्यात एक घोडा होता आणि एक गाय होती. लोक हळहळले. "आधीचंच बरं होतं," कुणीतरी ओरडलं. भोंग्यावरून बक्षीस मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि ते केचपच्या बाटलीला गेलं.

आत अंधार होता आणि ओळखीचा वास होता. लेस्टरने तिच्या कमरेला धरलं.

"घट्ट धरू नको, गुदगुल्या होतात," व्हर्ना म्हणाली.

"अंडी आणलीस का काल?"

तिने कमरेवरचा त्याचा हात दाबला. "नाही. विसरले," ती म्हणाली.

"मला वाटलंच. चल आता. कितीवर होतीस?"

"तेही विसरले."

एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाजूने भुतं, चेटकिणी निघून गेल्या. गाय निघून गेली, तिच्या तोंडातून विल्चेकबाई सगळ्यांना रस्ता विचारत होत्या. मिरवणूक वळून दिसेनाशी झाली तरी घोडा रस्त्याच्या मधोमध तसाच उभा होता.

"मग?" लेस्टरने विचारलं.

"मग काय," व्हर्ना म्हणाली. "एकपासून मोज तू. मी चालते."