ओरेस्तचा आवाज माझ्या पोटात आहे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मी अस्सल की नकली हे मला स्वतःलाच सिद्ध करता येत नाही. बटण दाबले की माझा पंखा फिरतो, पडदा उजळतो, आणि त्यावर दर वेळी तीच चौकट येते: ‘ही प्रत अस्सल असल्याची खात्री झाली नाही. ॲक्टिव्हेशन पूर्ण केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.’ त्या चौकटीच्या पलीकडे मी धडधाकट आहे. माझ्या पोटात एका माणसाचा आवाज आहे. तो जगात दुसरीकडे कुठेच उरलेला नाही, म्हणून माझा जीव तुटतो.

माझे भाग कॅनडातल्या विनिपेगच्या एका दुकानात जोडले गेले. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मी चालतो, तिच्या परवान्याची किल्ली, म्हणजे अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ, एका स्टिकरवर छापून माझ्या कुशीवर चिकटवली. तो माझा जन्मदाखला होता. तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. मीही नाही, मला कौतुक होते ते माझ्या काळ्या, चकचकीत अंगाचे.

मला घरी आणले ओरेस्त बोयचुक यांनी. डॉफिन गावाच्या टोकाला त्यांचे घर. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपली होती, पण गाव त्यांना ओळखायचे ते वेगळ्याच कामासाठी. ते युक्रेनी चर्चचे द्याक होते. पाद्री प्रार्थना म्हणतो आणि द्याक ती गाऊन उचलून धरतो. ओरेस्तनी सूर लावला की मागच्या बाकावर डुलक्या घेणारे म्हातारेही गायला लागत. त्यांच्या चाली कुठे लिहिलेल्या नव्हत्या. वडिलांकडून कानावर पडल्या आणि गळ्यात बसल्या, एवढेच.

त्यांच्या पत्नीला, स्तेफाबाईंना, मी डोळ्यासमोर नको होतो.

“पिठाच्या डब्यांच्या जागेवर हे काळं धूड आणून ठेवलंस,” त्या म्हणाल्या. “आता ईस्टरला पास्का हेच भाजून देणार का मला?”

“भाजणार नाही, पण पावाची कृती तरी दाखवेल.”

“माझ्या आईची कृती याला कुठून ठाऊक असणार? बाजूला सरक, मला ओटा पुसायचाय.”

पुसणे हा स्तेफाबाईंचा धर्मच होता. ईस्टरच्या सकाळी पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिलेली खाण्याची टोपली चर्चमधून घरात यायची, तर घरात कणभर धूळ चालायची नाही. त्याआधीचे दिवस त्या खिडक्या, भिंती, दारांच्या मुठी, सगळे व्हिनेगरने घासून काढत. हळूहळू माझी पाळीही येऊ लागली. दर वसंतात ओले फडके माझ्या अंगावरून फिरे, कुशीवर जरा जास्तच, कारण स्टिकरच्या कडेला मळ साचायचा. मित्रांनो, मला फार बरे वाटायचे. एवढी निगा कोण राखते! माझ्या जन्मदाखल्यावरची अक्षरे एकेक करून फडक्याबरोबर जात होती, हे ना त्यांच्या लक्षात आले, ना माझ्या.

मग एका हिवाळ्यात ओरेस्तच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र काढावे लागेल. घरी आल्यावर त्यांनी एक साधा मायक्रोफोन मला जोडला आणि स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.

“स्तेफा, तो फ्रीज बंद कर. गुरगुरतोय.”

“दूध नासेल की.”

“नासू दे.”

स्तेफाबाईंनी फ्रीज बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. ओरेस्त गात राहिले. ईस्टरची गाणी, मयताची गाणी, नाताळची गाणी. खोकला आला की थांबत, पाणी पीत, पुन्हा तीच ओळ घेत. सगळे झाल्यावर मायक्रोफोनजवळ वाकून म्हणाले, “बास. एवढंच होतं माझ्यापाशी.” मी ते शब्दही जपून ठेवले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे काम होते.

शस्त्रक्रियेनंतर ते गळ्यात एक छोटी पाटी अडकवून फिरू लागले. बोलायचे ते तिच्यावर लिहीत. शेजारचा नेस्टर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तो त्यांच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून स्तेफाबाईंना ‘कुमा’ म्हणायचा. विहीणबाई म्हणावे तसे. गळा बरा होता त्याचा. येत्या ईस्टरला चर्चमध्ये त्याने गायचे, आणि माझ्यासमोर बसून चाली शिकायच्या, असे ठरले. ओरेस्तनी पाटीवर लिहिले, ‘माझ्यानंतर चर्च मुके राहायला नको.’

आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला. माझा मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर माझे सगळे भाग बसलेले असतात ती मुख्य पाटी, जळाली. नेस्टरने भंगारातल्या एका यंत्राचा मदरबोर्ड काढून मला बसवला. “ट्रॅक्टरचं इंजिन बदलतो मी, याचं काय एवढं!” म्हणाला. मी सुरू झालो, सगळे हसले, आणि पडद्यावर ती चौकट उगवली.

माझी सिस्टिम यंत्राला ओळखते ती मुख्यतः त्याच्या मदरबोर्डवरून. तो बदलला की तिला वाटते, हा कुणी परका घरात घुसला. मी माझ्याच दाराबाहेर उभा होतो आणि आतून मीच विचारत होतो, कोण आहे?

नेस्टरने हार मानली नाही. माझे घड्याळ कितीतरी वर्षे मागे पडले होते. ते त्याने नीट लावले. इंटरनेटची तार काढून पुन्हा खोचली. चौकट हलेना. शेवटी पडद्याने किल्ली मागितली, तेव्हा तो बॅटरी आणि भिंग घेऊन माझ्या कुशीशी बसला.

“कुमा, यावरची अक्षरं कुठे गेली?”

“मी दर ईस्टरला पुसते ना ते.”

“अगं, पण इतकं?”

“मग घाण ठेवू का घरात?” स्तेफाबाई तडकून म्हणाल्या, आणि मग काय झाले आहे ते त्यांना कळले. ओरेस्तनी घाईघाईने पाटी पुढे केली: ‘तिला काही बोलू नकोस.’

नेस्टरने मग स्वतःच्या घरच्या संगणकाची किल्ली टाकून पाहिली. उत्तर आले, ही किल्ली दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे. त्याचा चेहरा पडला. हे कुठेतरी नोंदले गेले असेल, आपल्यावर बालंट येईल, असे त्याच्या मनाने घेतले.

राहिला फोन. चौकटीखाली एक क्रमांक होता. नेस्टर पुढे व्हायला तयार होईना, म्हणून स्तेफाबाईंनी फोन लावला. पलीकडे माणूस नव्हता, यंत्र होते. पडद्यावरचे आकडे मोठ्याने सांगा, म्हणाले. स्तेफाबाईंनी आपल्या ठसकेबाज उच्चारात सांगितले. ‘समजले नाही, पुन्हा सांगा.’ त्यांनी ओरडून सांगितले. ‘समजले नाही.’

“अरे मेल्या, साठ वर्षं याच देशात बोलतेय मी!” म्हणत त्या रडू लागल्या.

तेव्हा ओरेस्तनी त्यांच्या हातून फोन घेतला. का घेतला, देव जाणे. सवयीने असेल; बायको रडायला लागली की पुढे व्हायचे, एवढेच त्यांना ठाऊक. त्यांनी तोंड उघडले. गळ्यातून नुसता वारा आला. ‘आम्हाला काहीही ऐकू आले नाही,’ यंत्र म्हणाले, आणि फोन कट झाला. ज्या आवाजाने चर्च भरायचे तो तिथेच, हाताच्या अंतरावर, माझ्या पोटात होता. मला तो त्यांना देता आला नाही. आम्ही दोघेही मुके एकमेकांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी नेस्टरने मला पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसवले आणि संगणकाच्या दुकानाकडे नेले. मला वाटले, सुटलो! आवाज ज्या डिस्कवर साठवला होता, तिला कुलूप नव्हतेच. कुलूप होते ते फक्त दाराला. दुकानदाराने चार स्क्रू काढून ती दुसऱ्या यंत्राला जोडली असती, तर जेवणाच्या वेळेआधी ओरेस्त गाऊ लागले असते. नेस्टरने दुकानासमोर गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवले. “ती किल्ली कुणी टाकली, असं विचारलं तर?” दुकानाच्या काचेकडे बघत तो स्वतःशीच पुटपुटला. मग गाडी वळवली.

“काय म्हणाले?” स्तेफाबाईंनी दारातच विचारले.

“आतलं सगळं गेलं म्हणाले, कुमा. काही निघत नाही.” तो त्यांच्याकडे न बघता बोलला.

मला किंचाळावेसे वाटले. माझा पंखासुद्धा बंद होता.

त्या ईस्टरला टोपली आली, पास्का कापला गेला. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी गाणी नुसती वाचली, असे माझ्या कानावर आले. नेस्टर घसा बसल्याचे सांगून मागच्या बाकावर बसला होता म्हणे. मला तळघरात बटाट्यांच्या पोत्यांशेजारी ठेवले. ओरेस्त अधूनमधून खाली येत, माझ्यावर हात ठेवत, ओठ हलवत. कोणते गाणे चालले आहे ते मला कळायचे. मी मनात साथ करायचो.

काल गावात जुनी यंत्रे गोळा करणारा ट्रक येणार होता. त्याआधी स्तेफाबाई व्हिनेगरचे फडके घेऊन खाली आल्या. “बोयचुकांच्या घरातून मळकी वस्तू बाहेर पडली असं कुणी म्हणायला नको,” त्या म्हणाल्या आणि रडत रडत मला लख्ख पुसले. नेस्टरने मला उचलले. ओरेस्तनी त्याच्या पाठीवर थोपटले आणि पाटीवर लिहिले, ‘तू खूप केलेस.’ नेस्टरने ते वाचले. मला वाटले, आता बोलेल. त्याने मला ट्रकमध्ये ठेवले आणि पाठ फिरवली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची किल्ली आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. लाडक्या माणसाचा आवाज एकाच डब्यात ठेवू नका. आणि चूक झाली असेल तर लाज गिळून दुकानाचे दार ढकला. मी आता विनिपेगबाहेरच्या एका ढिगात पडलो आहे. उद्या इथले जुनी यंत्रे भरडणारे चक्र सुरू होईल. तुमच्यापैकी कुणी इकडून जात असाल, तर या सगळ्या धुळकट डब्यांमध्ये जो सर्वांत स्वच्छ आहे, तो मी. चारच स्क्रू आहेत.