साहेबांचा निकाल आणि मैत्रीचं अपील

बाबासाहेबांच्या जयंतीला प्रमुख पाहुणे म्हणून हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणायचे, ही आयडिया आमच्या यांची. आमचे हे म्हणजे खंडू, मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. बहरीनच्या आपल्या मंडळाचे सेक्रेटरीही तेच. घरात कोणी विचारत नसलं की माणूस सेक्रेटरी होतो, असा माझा तोवरचा, म्हणजे शहाण्णव सालापर्यंतचा, अनुभव.

न्यायमूर्ती तायडे भाड्याच्या हॉलमध्ये बोलायला उभे राहिले ते बसायचं विसरूनच गेले. आधी कंदील आला, मग अनवाणी शाळा आली. त्याशिवाय भाषण सुरू झालं असं आपल्यात कोणी मानतच नाही. मग लॉ कॉलेज, मग तालुक्याचे जज्ज, मग सिनियर डिव्हिजन, मग जिल्हा न्यायाधीश. प्रत्येक बदलीचं गाव सांगितलं, त्या गावातला सरकारी बंगला सांगितला, बंगल्यातलं आंब्याचं झाडसुद्धा सोडलं नाही. साहेब हायकोर्टात पोचेपर्यंत मागच्या टेबलावरची बिर्याणी गार झाली होती. मधली वकिलीची वर्षं मात्र त्यांनी एका वाक्यात उरकली, "काही काळ प्रॅक्टिस केली." शेवटी हात वर करून म्हणाले, "बाबासाहेब बॅरिस्टर होते. तुमच्या प्रत्येक घरातून एक वकील निघाला पाहिजे." काय टाळ्या पडल्या म्हणता. सगळ्यात जोरात आमच्या यांच्या.

आता गंमत बघा. आमच्या लेकीने, मैत्रीने, तेव्हा नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती आणि तिला वकीलच व्हायचं होतं. तिने तसं सांगितलं त्या दिवसापासून बापलेकीत अबोला होता. यांनी तिला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियरिंगला घालायचं ठरवलं होतं, पुढच्या महिन्यात तिला घेऊन जाणार होते. आमच्या हॉलच्या भिंतीवर बॅरिस्टरच्या गाऊनमधला बाबासाहेबांचा फोटो, रोज त्याला अगरबत्ती, आणि त्याच फोटोखाली उभं राहून हे पोरीला सांगणार, "लॉ आपल्या लोकांचं काम नाही." प्रत्येक घरातून म्हणजे शेजारच्या घरातून, एवढंही आमच्या पोरीला कळू नये का?

दुसऱ्या दिवशी यांनी सुट्टी टाकली आणि साहेबांना माहूजला आमच्या फ्लॅटवर जेवायला आणलं. गाडीत त्यांचे कान पुरेपूर भरले असणार, कारण हामूर माशाचा पहिला तुकडा तोंडात जायच्या आत साहेबांनी मैत्रीला समोर बसवलं.

"बेटा, वकिली फार कठीण. गॉडफादर लागतो. पहिली काही वर्षं मला एक केस मिळाली नाही. घर बायकोच्या मास्तरकीवर चाललं."

"बट अंकल, काल तुम्ही..." मैत्रीला पुढचं मराठी सुचेना. "यू टोल्ड अस टू."

"ते भाषण होतं," साहेब म्हणाले. माणूस निदान खरं बोलला.

यांना तर चेव आला. "आमच्या बायकोचाच भाऊ बघा ना साहेब. अश्वजित. एलएलबी झाला, जालन्याच्या कोर्टात काळा कोट घालून वर्षानुवर्षं बाकावर बसला. आता कोर्टासमोर झेरॉक्स काढतो." आणि हसले.

मी कालवण वाढत होते. पळी तशीच हातात राहिली. माझ्या भावाचा कोट विटून तपकिरी झाला होता तरी तो रोज इस्त्री करायचा. त्याच्यावर कोणी हसलं की माझ्या अंगाची लाही होते.

साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्यासारखं केलं, ताक प्यायले आणि निकाल दिला. "आधी इंजिनियरिंग कर. मग हवं तर लॉ." यांनी मान डोलावली. असा निकाल द्यायला हायकोर्टाचा माणूस कशाला विमानाने आणायचा? आमच्या खालचा कोल्ड स्टोअरवाला वाणी अलीमियाँसुद्धा तेवढा निकाल फुकट देतो.

"आय वॉन्ट टू अपील," मैत्री म्हणाली.

साहेब हसले. "आता कुणाकडे करणार?"

तिने माझ्याकडे बोट केलं. इतके दिवस त्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही भीतीच होती. पोरीने तसल्याच बाकावर बसावं, विटक्या कोटात, असं कुठल्या आईला वाटेल? पण ते हसणं माझ्या कानातून जाईना.

"अहो," मी यांना म्हटलं, "तुमच्या भावकीशी जमिनीच्या वाटणीची केस लागली, तेव्हा अश्वजित त्याच कोर्टात बसत होता. तुमचा सख्खा मेव्हणा. तुम्ही केस कुणाला दिली?"

यांनी पाण्याचा पेला उचलला.

"कुणाला दिली?" साहेबांनी विचारलं. आवाज आता कोर्टातला होता.

"गावात एक मोठे वकील होते. नाव होतं त्यांचं."

"जिंकलात?"

"चालू आहे अजून."

"कालच्या हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते ना," मी म्हटलं, "त्यातल्या एकाने तरी आपली केस आपल्या पोराला दिली असेल का हो साहेब? तुम्हाला कोणी दिली होती?"

"नाही," न्यायमूर्ती म्हणाले. "माझ्या वडिलांनीसुद्धा नाही." आणि ताटातला भात उगाच चिवडत बसले.

"मैत्री लॉला जाईल," मी म्हटलं. "झाला निकाल."

मैत्री उठून यांच्याशेजारी जाऊन बसली. शाळेत गेल्यापासून बापाशी इंग्रजीच बोलणारी पोर, शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "पप्पा, मी वकील झाले तर तुमची केस मला द्याल?"

यांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"अश्वजितलाच द्यायला पाहिजे होती," हे म्हणाले. "तुला देईन."

मला बोलायला खूप काही होतं, वीस वर्षांचं साठलेलं. पण रडू आलं, आणि ते सगळं तसंच राहून गेलं.