अम्मीच्या पांढऱ्या पेशी

दिग्रसात माह्यं मेडिकल आहे. तीन महिने अम्मीचा ताप उतरत नव्हता, अन् मी तोंड शिवून बसलो होतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या, त्यांना किरणोत्सारी खूण लावली अन् परत शिरेत सोडल्या. जिथं पू असेल, तिथंच त्या गोळा होतात. दुसऱ्या दिवशी स्कॅनच्या पडद्यावर उजव्या कुल्ल्यात खोल काळा डाग दिसला.

"इथं कोणी इंजेक्शन दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

दुकानात नव्या सुयांची खोकी पडलेली, अन् ताप यायच्या आधी मी आळशानं अम्मीले घरातली वापरलेली जुनीच सुई टोचली होती.

मी तोंड उघडायच्या आत अम्मी म्हणाली, "नाही जी. माह्या अब्रारले तं सुई धरताबी येत नाही."