मॅटिल्डाचं बारसं

"बोललीस का तिच्याशी?" फोन उचलल्या उचलल्या विजयकुमारांनी विचारलं.

सुलेखाबाई गॅलरीत दुपटी काढत होत्या. हिगाशी-कसाईतल्या त्या जपानी इमारतीच्या सातव्या मजल्यावर वारा असा सुटायचा, की एका हाताने फोन धरावा तर दुसऱ्या हातातलं दुपटं उडून समोरच्या इमारतीत जाईल.

"अहो, कौमुदी अजून धड बसत नाहीये. दोन दिवस जाऊ देत."

"असे दोन-दोन दिवस करत बाळाच्या नावनोंदणीची मुदत संपेल, मग काय उपयोग? माझ्या आईचं नाव राहायला हवं, एवढंच माझं म्हणणं. लीलावती. नाव कसं भारदस्त आहे! आणि हे काय मॅटिल्डा-फॅटिल्डा?"

"सांगते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, दुपट्यांच्या घड्या घातल्या, आणि न सांगताच त्या भांडी घासायला लागल्या. ती झाल्यावर त्यांनी ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता.

कौमुदीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. पाठ टेकत नव्हती. पुण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर म्हणून खुर्चीला खिळून काढली, रिटायर झाल्यावर गुडघे दुखतात म्हणून फिरणंही सोडलं, आणि इथे मात्र त्या दिवसातून तीनदा लिफ्टने खाली जायच्या. कधी कचरा टाकायला, कधी कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला, कधी नुसत्याच. कचऱ्याच्या पिशव्या जळणारा, न जळणारा अशा वेगळ्या करायच्या असत, तेवढं काम त्यांना मनापासून आवडायचं. त्यात कुणाला काही समजावावं लागत नव्हतं.

जावई तोबियास जर्मन. कौमुदीच्याच ऑफिसात. स्वभावाने इतका गरीब, की सासूने तिसऱ्यांदा वाढलेला भात संपवताना घाम पुसायचा, पण नको म्हणायचा नाही. त्याला मराठी चार शब्द येत होते, त्यांतला एक 'आई'. सासू उठता-बसता 'आई गं' म्हणायची, म्हणून ती त्यालाही आई म्हणते आणि बाळालाही आई म्हणते, अशी त्याची समजूत होती. ती कुणी दुरुस्त केली नव्हती.

संध्याकाळी तो बाळाला मांडीवर घेऊन बसला होता, तेव्हा सुलेखाबाईंनी विषय काढला.

"कौमुदी, याला विचार, हेच नाव का? अर्थ तरी काय?"

"मला माहितीये अर्थ. लढाईत बलवान."

"अगं बाई! एवढ्याशा पोरीला लढाई?"

"दुर्गा काय भाजी निवडते का, आई?"

तोबियासला विषय कळला. तो खुलला. कौमुदी मधेमधे मराठीत सांगत गेली. त्याच्या गावातल्या टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये मॅटिल्डा नावाची राणी पुरलेली आहे. हजार वर्षांपूर्वीची. शाळेतून दरवर्षी तिथे न्यायचे. नवरा गेल्यावर तिने गोरगरिबांना इतकं वाटलं, की पोटच्या पोरांनी खजिना उधळते म्हणून तिच्यावर आळ घेतला आणि काही काळ तिला दरबार सोडून जावं लागलं. दुसरी मॅटिल्डा इटलीतली. डोंगरातला किल्ला तिचा. त्याच्या दारात एक राजा पोपची माफी मागायला बर्फात तीन दिवस उभा राहिला होता. तिसरी इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारी. किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा पांढरे कपडे घालून, गोठलेल्या नदीवरून, पहारेकऱ्यांच्या नाकाखालून निसटली.

"सगळ्याच मेल्या पळतायत नाहीतर भांडतायत," सुलेखाबाई म्हणाल्या. पण त्या बसल्या होत्या. हातातला नॅपकिन तसाच राहिला होता.

"आणि त्या तिसरीची आई," कौमुदी जांभई देत म्हणाली, "तीही मॅटिल्डाच. पण जन्माची नाही. तिचं नाव होतं एडिथ. राजाशी लग्न झालं आणि मॅटिल्डा झाली. त्याच्या दरबारी लोकांना जुनं नाव गावंढळ वाटायचं, म्हणतात."

"तिला विचारलं होतं?"

कौमुदीने जर्मनमध्ये विचारलं. तोबियासने थोडा विचार केला, खांदे उडवले.

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणतोय."

सुलेखाबाई उठल्या. "कोथिंबीर संपलीये," म्हणाल्या आणि खाली गेल्या. इथल्या कोंबिनीत कोथिंबीर मिळत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या सरळ चालत राहिल्या. सायकलवरून घरी जाणाऱ्या शाळेच्या पोरी घंटी न वाजवता बाजूने निघून जात होत्या. स्टेशन आलं, गेलं. नदीच्या बंधाऱ्यापर्यंत पोचल्या तेव्हा गुडघा ठणकत होता, तरी थांबावंसं वाटेना.

रविवारी सकाळी विजयकुमारांनी व्हिडिओ कॉल लावला. बायकोवर विसंबून चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

"हे बघ कौमुदी, मॅटिल्डा ठेवा, माझी ना नाही. पण दुसरं नाव लीलावती घाला. आजीने तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. जाताना तुझंच नाव तोंडात होतं तिच्या. माझ्यासाठी एवढं करशील ना?" त्यांचा आवाज दाटून आला, आणि तो खोटा नव्हता.

कौमुदी रात्रभर जागी होती. तिचे डोळे भरून आले. "बरं, बाबा. घालू लीलावती. तोबीची काही हरकत नाही."

"नको," सुलेखाबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. हाताला रवा लागलेला होता.

"काय नको?" विजयकुमार स्क्रीनच्या इतके जवळ आले, की नुसतं कपाळ दिसायला लागलं.

"लीलावती नको."

"का? आईने तुझं काय वाकडं केलं? सून म्हणून कधी—"

"त्यांनी मला चांगलंच वागवलं. माझ्या टायफॉइडमध्ये रात्र-रात्र बसल्या होत्या, ते मी विसरले नाही. पण माझं नाव यमुना होतं."

बाळाने उचकी लागल्यासारखा आवाज केला.

"यमुना म्हणजे मोलकरणीचं नाव वाटतं, असं त्या म्हणाल्या. भर मांडवात. माझ्या वडलांसमोर. तुम्ही तांदळाच्या ताटात अंगठीने सुलेखा लिहिलंत. ते मला उलटं दिसत होतं. काय लिहिलंय हे मला सगळ्यांच्या नंतर कळलं."

"अगं, तेव्हा पद्धतच होती," विजयकुमार हळूच म्हणाले. "सगळ्यांचीच बदलायचे."

"हो. सगळ्यांचीच."

"आई," कौमुदी म्हणाली, "नंदूमामा तुला यमे म्हणायचा. मला वाटायचं चिडवतोय."

"चिडवत नव्हता." नंदूमामाला जाऊन वर्ष झालं होतं. "तो म्हणायचा तेवढंच."

विजयकुमारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले."

कॉल संपला तेव्हा कौमुदीने आईचा रव्याचा हात धरला. "मग यमुना ठेवूया दुसरं. आजच तोबीला सांगते."

सुलेखाबाईंना तो मोह झाला. किती झाला, हे त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी बाळाकडे पाहिलं. मूठ तोंडात घालायची त्याची खटपट चालली होती, आणि ती दरवेळी गालावर जात होती.

"नको गं. तिला तिचं एकटीचं असू दे. माझं ओझं कशाला तिच्यावर?"

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळणा नव्हता. खालच्या मजल्यावरची अनघा आणि शेजारच्या नाकामुरा-सान अशा दोघीच पाहुण्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत दोघींनी बाळाला टेबलाच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती दिलं. नाकामुरा-सान इतक्या जपून घेत होत्या, की काचेचं भांडं असावं. आत्या हवी, पण तोबियासला बहीण नव्हती. तेव्हा नाव सांगायचा मान सुलेखाबाईंकडे आला. सकाळपासून त्यांनी ओट्यापाशी तो 'टिल्डा' घोटला होता. त्या वाकल्या. बाळाच्या केसांना दुधाचा वास येत होता.

"कुर्रर्र," त्या कानात म्हणाल्या, आणि मग नाव. नीट, एकदाच.

नाकामुरा-सानना कुर्रर्र म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी हाताने कबुतराचे पंख करून दाखवले, आणि सगळे हसले. "माचिरुदा-चान," त्या आपल्या जपानी उच्चारात बाळाला लाडाने म्हणाल्या. बाळाने त्यांच्याकडे बघितलं, असं सगळ्यांचं मत पडलं.

पाहुण्या गेल्या. तोबियास बाळाला छातीवर घेऊन तसाच झोपला, कौमुदीही कलंडली. फोन वाजला.

"झालं का बारसं?" विजयकुमार.

"झालं."

"छान झालं?"

"छान झालं."

पुण्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"मी विचार करत होतो," शेवटी ते म्हणाले. "आता तुला काय म्हणू मी?"

सुलेखाबाईंना हसू आलं.

"अहो, इतक्या वर्षांत तुम्ही मला कुठल्या नावाने हाक मारलीत? 'अगं'च म्हणत आलात. तेच म्हणा."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग जेव. मी आहे फोनवर."

त्यांनी ताट वाढून घेतलं. वरण गार झालं होतं. फोन वाटीला टेकवून उभा केला, खुर्ची ओढली, आणि त्या बसल्या. त्यांनी सावकाश पहिला घास घेतला.