मी मोजलेले सात ठिपके

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल. अंधेरीच्या एका इस्पितळात एक्स-रे यंत्राच्या काळ्या पट्टीखाली मी बसलेला असतो. मला डिटेक्टर म्हणतात. मी तुमच्या वहीएवढा आहे. मला नऊ वर्षे झाली, म्हणजे आमच्यात मी म्हाताराच.

माझे दोन थर आहेत. वरचा थर खास स्फटिकाचा. एक्स-रेचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, त्यावर पडला की विजेची बारीक उसळी उठते. खालचा थर चिपचा. तो ती उसळी मोजतो. दोन्ही थर धातूच्या हजारो बारीक मण्यांनी जोडलेले आहेत. बनवताना एखादा मणी नीट बसला नाही, तर तेवढ्या जागी मी कायमचा आंधळा होतो. जुनी यंत्रे सगळा प्रकाश एकत्र गोळा करतात. मी एकेक कण मोजतो आणि विजेची किरकोळ खुडबुड सोडून देतो. म्हणून माझ्या चित्रात मोहरीहून लहान ठिपकाही दिसतो.

मला बायकांच्या छातीच्या तपासणीसाठी आणले. तिथला कर्करोग कधीकधी आधी चुन्याच्या बारीक कणांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून कळतो. ते वेळेवर दिसले तर बाई वाचू शकते.

पहिल्याच वर्षी खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या सोनूबाई मासळीबाजार उरकून थेट तपासणीला आल्या. चित्रात पांढरा ठिपका दिसला. डॉक्टर नंदकिशोर गंभीर झाले. यंत्र चालवणाऱ्या श्रुतिकाने सोनूबाईंच्या अंगावर नीट पाहिले आणि नखाने काहीतरी उचलले.

"मावशी, हे काय चिकटलंय?"

"अगं बाय, रावसाचा खवला हाय तो! सकालपासून तेच काढतंय मी. तुझ्या मशीनला मासली पन दिसते? मग भाव पन सांगल ती!"

सगळे हसले. अंग पुसून दुसरे चित्र काढले. ठिपका गेला होता. "झकास मशीन आहे," डॉक्टर म्हणाले. मला फार बरे वाटले. त्या दिवसापासून नियम झाला. खारदांड्याची बाई आली की आधी साबणाने अंग धुवायचे. तरीही ठिपका दिसला तर पुसून पुन्हा चित्र घ्यायचे.

हळूहळू नियम सैल झाला. ठिपका दिसला की कोणीतरी म्हणायचे, "खवला असेल." बहुतेक वेळा तसेच असायचे. म्हणूनच सवय पक्की झाली.

मग मोफत तपासणीच्या दिवशी शेवंती आली. बाहेर शेहेचाळीस बायका होत्या. शेवंतीचा नवरा चंदू दाराशी बाकावर बसला होता. तिच्या डाव्या बाजूच्या चित्रात अंगठ्याएवढ्या जागेत सात ठिपके होते. मी सातही मोजले.

"सर, पुसून परत घेऊ का?" श्रुतिकाने विचारले.

"बाहेरची रांग बघितलीस? पत्ता खारदांडा आहे ना? खवले आहेत गं. पुढची बोलाव."

श्रुतिकाने चित्राकडे पुन्हा एकदा पाहिले. मग तिने पुढचे नाव पुकारले. बाहेर शेवंती चंदूला म्हणताना ऐकू आली, "काय नाय निंगालं. उगाच घाबरवलंस मला."

मला मोजता येते, बोलता येत नाही.

दीड वर्षाने शेवंती पुन्हा आली. आता गाठ हाताला लागत होती. माझ्या चित्रात पांढरा गोळा होता. उपचार झाले, पण उशीर झाला होता. नारळी पौर्णिमेच्या आधी ती गेली.

पुढच्या महिन्यात चंदू एकटाच आला. त्याला पहिले चित्र बघायचे होते. श्रुतिकाने ते पडद्यावर लावले. डॉक्टरही आले. चंदूने बोटाने ठिपके मोजले.

"हे तवापन होतं?"

"हो काका," श्रुतिका म्हणाली. "आम्हाला खवले वाटले."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. चंदू बसला नाही.

"सायेब, ती सुकट, सुकी मासली इकायची. जवला, सुके बोंबील. तीस वर्सं. तिच्या अंगावर खवला कुठून येनार? एकदा तिला इचारायचं तरी."



आता श्रुतिका प्रत्येक ठिपका पुसून बघते, मग दुसरे चित्र घेते. कोणी घाई केली तरी ऐकत नाही. शेवंतीला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. माझ्या जागी नवा येईल आणि तोही नीट मोजेल. पण तुमच्या आईला, मावशीला तपासणीला न्याल तेव्हा आत काय दिसले ते विचारा. कोणी तिला एक शब्दही न विचारता 'काही नाही' म्हणाले, तर दारातून परत आत जा. पुन्हा बघा म्हणा. आवाज चढला तरी चालेल. तुम्हाला उद्धट म्हणतील. म्हणू देत.