नयनची ओळ

वस्तीपासून शाळा दीड किलोमीटर. एरवी पोरं ही वाट बोरं खात, एकमेकांच्या झिंज्या ओढत पार करायची आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. पण दिवाळीनंतर नानाजीची कालवड नाल्याकाठी अर्धी खाल्लेली सापडली, ओल्या रेतीत वाघाचे पंजे सगळ्या वस्तीने आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि पोरांचं एकटं जाणं बंद झालं. वनखात्याचे दोघे येऊन सांगून गेले: घोळक्याने जा, मोठं माणूस सोबत ठेवा, आवाज करत जा. जनावर माणसाच्या आवाजाला बिचकतं.

बचत गटाच्या बायांनी पाळ्या लावल्या. रोज दोघी: मागची पाळीप्रमाणे बदलायची, पुढे मात्र कायम गटातली बेबीताई. आवाजाची युक्तीही तिचीच. पोरं दहा, पाढ्याच्या ओळीही दहा. प्रत्येकाने आपली ओळ ठणकावून म्हणायची, दहावी झाली की पुन्हा पहिल्यापासून. एखादी ओळ गळली की बेबीताई जागच्या जागी थांबायची. ती पोरं मोजत नसे. लेकरांची गिनती करू नये, दृष्ट लागते, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं, आणि दोन बाळंतपणं वाया गेलेली बाई असल्या गोष्टींची परीक्षा पाहायला जात नाही. मोजायचं काम पाढा करत होता. वस्तीतल्या बायांनी या युक्तीचं फार कौतुक केलं. बेबीताईलाही ते आवडलं, कशाला खोटं बोला.

त्या दिवशी मागची पाळी निकिताची होती. पण तिला कापूस वेचायला बाया मिळाल्या होत्या, आणि वेचणीच्या दिवसांत बाया मिळणं म्हणजे देव पावणं. ती बांधावरूनच ओरडली, "बेबीताई, आजच्या दिस तुम्हीच न्या नं वं! माहे दोघं तं हायेतच तुमच्यासंगं!"

तिचे दोघे म्हणजे चौथीतली खुशी आणि पहिलीतला नयन. बेबीताई मनात चरफडली, पण तोंडाने बरं म्हणाली. भिडेपायी माणूस काय काय करतो! सातवीतल्या सलोनीला तिने रांगेच्या शेवटी उभं केलं, काठी उचलली आणि निघाली.

दोन्ही अंगाला तूर डोक्याच्या वर गेलेली. आत हत्ती उभा असता तरी दिसला नसता, वाघाची तर गोष्टच सोडा. बेबीताईचे डोळे सारखे डावी-उजवीकडे फिरत होते आणि कान पाढ्याकडे होते. सात एके सात. सात दुणे चौदा. नाल्यावर रांग मोडली. दगडांवर पाय देत एकेक पोर पलीकडे आलं. सर्वांत लहान पोरीला सलोनीने कडेवर घेऊन आणलं. पुन्हा पाढा सुरू झाला. सात सक बेचाळीस. सात साती एकोणपन्नास. सगळ्या ओळी जागच्या जागी. तूर संपली, शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि बेबीताईने सकाळपासून धरून ठेवलेला श्वास सोडला.

फाटकाशी संघदीप सर उभे होते. शाळेला मास्तर ते एकटेच. त्यांनी पोरं आत घेतली आणि विचारलं, "नयन नाही आला आज?"

"आला नं जी," बेबीताई हसली. "आताच तं ओळ म्हटली थ्यानं. सातवी ओळ थ्याचीच हाये."

 सरांनी पोरांकडे पाहिलं, बेबीताईने पाहिलं. नयन नव्हता.

खुशीचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, थ्याचा आवाज बसला नं सोमवारपासून," ती रडायलाच लागली. "थ्याची ओळ मीच म्हणून राह्यली. तुम्ही घडीघडी थांबता, मंग उशीर होते. म्हणून."

"नाल्यापाशी होता का थो?" बेबीताईने सलोनीला विचारलं.

सलोनीला आठवेना. तिला वाटलं तो पुढे गेला. ती छोटीला उचलत होती.

 चार दिवस ती एक पोर नुसत्या आवाजावर चालवत होती. "मी वस्तीत फोन लावतो, माणसं येऊ द्या, एकट्या जाऊ नका," सर म्हणत होते, पण ते ऐकायला ती जागेवर होती कुठे? लुगडं खोचून ती आल्या वाटेने पळत सुटली होती.

"नयन! अरे नयन्या! कुठी हायेस बाप्पा?"

तुरीतून उत्तर नाही. ती पळत होती, हाका मारत होती, आणि डोक्यात नको ते येत होतं. निकिताला काय सांगायचं? लेकरू हातात दिलं होतं तिने. कालवडीचं ते उघडं पोट आठवलं. देवा, मला ने, पण त्याला नको.

नाल्याच्या वस्तीकडच्या काठाला रेतीत पंजा होता. कालचा की आजचा, ते तिला कळत नव्हतं. तिने सगळी ताकद लावून पुन्हा हाक मारली, आणि हाक विरायच्या आत तिच्या लक्षात आलं की ती वेड्यासारखं करते आहे. पोराचा आवाज बसलाय. तो ओ देणार कसा? दिली असेल तरी आपल्याच बोंबलण्यात ती बुडाली असेल.

त्याला ऐकायचं तर गप्प बसायला हवं होतं. आणि महिनाभर सगळी वस्ती एकच गोष्ट घोकत होती, की या वाटेवर गप्प बसायचं नाही.

बेबीताईने तोंड मिटलं. काठी आपटणंही थांबवलं आणि तुरीत शिरली.

आता सगळंच ऐकू यायला लागलं. पानांची सळसळ, मागे काहीतरी मोडल्याचा आवाज, स्वतःच्या छातीचे ठोके. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, ऐकायचं.  पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं तिला इतकं खरं वाटत होतं, की वळून पाहायची छाती होईना. सहा ओळी ओलांडल्या. सात. मग डावीकडे खालून घासल्यासारखा बारीक आवाज आला.

नयन मातीत बसला होता, चड्डी हातात, तोंड गुडघ्यांत. शौचाला म्हणून बसला, पोरं पुढे गेली, घाबरून उठला आणि उलट्या दिशेने आत आत शिरत गेला. तिने त्याला उचललं. आधी तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं आणि वाटेकडे पळाली. मागे तूर हलली. वारा असेल, डुक्कर असेल. तिने पाहिलं नाही.

वाटेवर आल्यावर पोराने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"काकू, म्या लय आवाज देला. तुमचा पाढा चालू होता."

 सॉरी म्हणायचं तर ते सहा वर्षांच्या पोराला कसं म्हणतात, हे बेबीताईला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात वस्तीकडून कल्लोळ उठला. फोन पोचला होता. पंधरा-वीस माणसं डबे, थाळ्या बडवत, आरोळ्या ठोकत येत होती, आणि सगळ्यांच्या पुढे, पदराचं भान नसलेली, वेचलेल्या कापसाच्या झोळीचा ओटा तसाच कमरेला बांधलेली निकिता. तिचं तोंड उघडं होतं, पण थाळ्यांच्या गदारोळात तिची हाक कळत नव्हती.

कडेवर नयन एकदम ताठ झाला. बेबीताईच्या मानेला त्याचा गळा टेकला होता आणि तो गळा पुन्हा पुन्हा थरथरत होता. तो आई, आई म्हणत होता. त्याचे ओठ तिच्या कानाला लागले होते, म्हणून तिला तरी ऐकू आलं.